बसकं भूत

बेंबळीच्या कल्याणप्पांचं कापडाचं दुकान बरं चालायचं, पण त्यांचा जीव भुतांत होता. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत झालेली, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. भुतं मात्र ते मराठीतच लिहीत. कानडीत लिहायला घेतलं की आई आठवायची आणि उर्दूत घेतलं की मास्तरांची छडी. भीती वाचणाऱ्याला वाटावी, लिहिणाऱ्याला नव्हे, एवढं तंत्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वाचणाऱ्याला ती वाटत नव्हती, हीच पंचाईत. सोलापूरच्या एका मासिकानं त्यांची गोष्ट परत धाडली होती. शेरा होता, 'भूत सुस्वभावी वाटते.' हे कल्याणप्पांच्या फार जिव्हारी लागलं. आता बायको घाबरल्याशिवाय गोष्ट धाडायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि बायको कोण, तर रुद्रम्मा. चुलीमागचा विंचू चिमट्यात धरून शेजारणीशी निवांत बोलत उभी राहणारी बाई.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. पटक्याला कापड न्यायला आलेल्या बब्रुवान धनगराला बसवून कल्याणप्पांनी वाचायला घेतलं. "अमावास्येची रात्र. पिंपळाखाली पांढरं लुगडं नेसलेली एक बाई बसली होती. लुगडं नऊवारी, सूत ऐंशी नंबरी, काठ रुईफुली..."

"धुतल्यावर आटतंय का?" बब्रुवाननं विचारलं.

"कोण?"

"लुगडं."

कल्याणप्पांनी कागद खाली ठेवला.

"आन अण्णा," बब्रुवान म्हणाला, "तुमचं भूत सारखं बसलेलंच कसं? मागल्या गोष्टीतबी बसूनच व्हतं."

हे कल्याणप्पांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. लहानपणापासून त्यांनी जाणारा प्रत्येक जण बसूनच गेलेला पाहिला होता.

"आमच्यात बसूनच जात्यात, गड्या. जसा गेला तसाच येणार की."

"आमच्यात आडवं जात्यात. मग आमचं भूत काय लोळत येतंय व्हय?"

त्यानंतर कल्याणप्पांनी भूत उभं करायची फार खटपट केली. ते गुडघ्यावर हात टेकून कण्हत उठलं, वाटसरूच्या मागं लागलं आणि ओढ्यापाशी धापा टाकत थांबलं. रुद्रम्मा डाळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "एरंडेल चोळा म्हणावं त्याला."

"तुला भीती वाटती तरी कशाची?" कल्याणप्पा वैतागून म्हणाले.

रुद्रम्मांनी विचार केला. "पाव्हण्याची. ईट गावचे तुमचे मावसभाऊ आले की धडकी भरती. एकदा बसले की उठत न्हाईत."

कल्याणप्पांनी टाक उचलला. पिंपळ गेला, अमावास्या गेली, लुगडंही गेलं. दुसऱ्या दिवशी सांजेला रुद्रम्मा डाळ निवडत होत्या, तेव्हा त्यांनी नवी गोष्ट वाचायला घेतली. भर दुपारी एक अनोळखी माणूस घराच्या पुढच्या सोप्यात येतो. घरधनी म्हणतो, "या, तशरीफ ठेवा." तो मांडी घालतो. पाणी दिलं, पीत नाही. भाकरी वाढली, खात नाही. दिवेलागण होते, तो बसलेलाच. शेवटी घरधनी हळूच विचारतो, "पाव्हणं, आता उठायचं न्हवं?" तेव्हा पाहुणा पहिल्यांदा तोंड उघडतो. "मी कसा उठू? तुम्हीच बसवलंत की मला."

रुद्रम्मांचा हात डाळीत थांबला.

"मग उठला का त्यो?"

"न्हाय. गोष्ट संपली."

"संपली कशी? सोप्यात माणूस बसलाय आन गोष्ट संपली?" त्यांनी सोप्याकडं एकदा बघितलं. "उठवा त्याला. त्यो उठल्याबिगर मी तिथं दिवा लावायची न्हाय."

कल्याणप्पांना गहिवरून आलं. पण दिवाही लागायला हवा होता. कागदाकडं बघत त्यांनी मनचं वाचलं, "मग पाहुणा उठला आणि गेला."

"कुठं?"

"ईटला."

"बरं झालं," रुद्रम्मा म्हणाल्या आणि दिवा लावायला उठल्या.

सोलापूरला गेलेल्या कागदावर पाहुणा बसलेलाच होता. मासिकानं तो तसाच छापला.

पुढं ईटचे मावसभाऊ आले. रुद्रम्मांनी पाण्याचा तांब्या दारातच पुढं केला. ख्यालीखुशाली विचारली, सगळ्यांची नावं घेऊन विचारली, पण 'बसा' काही म्हणाल्या नाहीत. मावसभाऊ उभ्यानं पाणी प्याले, उभ्यानंच बोलले आणि ऊन कलायच्या आत निघाले. कल्याणप्पा वेशीपर्यंत पोचवायला गेले.

"वैनीचं काय बिनसलंय का रे?" मावसभावानं विचारलं.

"छे, छे," कल्याणप्पा म्हणाले. "माझी गोष्ट छापून आली."