फोटोची उजवी बाजू

दिवाळीच्या आधीचा रविवार, दुपारची वेळ. पाच वर्षं झाली त्याला. रक्कम चोवीस हजार रुपये, रोख. जागा मानवतमधल्या आमच्या घराचं मागचं अंगण. हजर चार माणसं — मी, माझी बायको मंगल, माझी थोरली बहीण अक्का आणि अक्काची मुलगी जयश्री. त्या दिवशी मी माझा जुना कॅमेरा जयश्रीला विकला. एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मामानं भाचीला स्वस्तात दिला, असंच सगळे म्हणत आले. मीही ते ऐकून घेत आलो.

जे माहीत नव्हतं ते — गेल्या महिन्यापर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मंगललाही नाही. आता तुम्हाला सांगतोय, पण थोडं मागून यावं लागेल. एकदम त्या वाक्यावर यायची माझी छाती नाही.

मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानावर मुनीम आहे. वजन, हमाली, तोलाई, पट्टी — हेच काम, वर्षानुवर्षं. माझ्या हातून एका पोत्याचा फरक पडला असं कुणी दाखवावं. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाला फ्रीज घ्यायचा असो की प्लॉट, आधी मला विचारतात. मी दोन-चार ठिकाणी चौकशी करतो, तुलना करतो आणि सांगतो. लोक ऐकतात. ते ऐकतात याचं मला — आता लपवून काय करू? — फार सुख वाटायचं.

अशा माणसानं आयुष्यात एकदाच चैनीची वस्तू घेतली. मिररलेस कॅमेरा. आत आरसा नसतो म्हणून ते नाव; हलका आणि लहान असतो. कंपनीचा सगळ्यात स्वस्तातला, शिकाऊ माणसासाठीचा, सोबत एक लेन्स. अडतीस हजारांना. मंगल म्हणाली होती, “फोनमधून निघत न्हाईत का फोटो?” मी म्हणालो, पाखरांचे काढायचेत, गोदावरीच्या काठी, सोनपेठकडे. गेलोही चार-पाच वेळा. मग एकदा सेलूहून परत येताना देवगाव फाट्याजवळ मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेली पिशवी निसटली आणि डांबरावर पडली. कॅमेऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. सुरूही झाला. पण संध्याकाळी घरी फोटो पाहिले तर प्रत्येकाची उजवी बाजू धूसर.

मी चौकशी केली. एक सोपी परीक्षा असते — कॅमेरा उलटा धरायचा, खालचं वर करून, आणि तोच फोटो पुन्हा काढायचा. धूसरपणा डावीकडे गेला तर दोष काढणाऱ्याचा नाही, लेन्सचा. गेला. आतली काच कलली होती. दुसरी लेन्स घेतली असती, जुनी का होईना, सात-आठ हजारांत काम झालं असतं. पण मग मंगलला सांगावं लागलं असतं. मी कॅमेरा पुसून कपाटात ठेवला आणि वेळ मिळत नाही म्हणून सांगितलं.

दोन वर्षांनी जयश्री आली, अक्काबरोबर. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, बाजारातल्या एका स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायची. तिला स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या — लग्नं, बारशी. सव्वीस हजार साठवले होते. नवा मिररलेस अठ्ठावन्न हजारांना होता, उरलेले हप्त्यानं. “मामा, तुमी सांगाल तसं करते,” म्हणाली.

मी नवा घे म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो का? आता सांगता येत नाही. तेवढ्यात मंगल आतून बोलली, “आपला पडूनच हाय की कपाटात. तुमच्या पाखरांनी अंडी घातली असतील त्यात!” सगळ्या हसल्या. मीही हसलो. आणि हसता हसता मला वाटलं, यातले थोडे पैसे जरी परत आले तरी यापुढे हे हसणं बंद होईल. बस्स. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं. पैशाची नड नव्हती, काही नव्हतं.

मी म्हणालो, आपण दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना करून बघू. रीतसर. जयश्रीनं ओळखीच्या एकाकडून नवा कॅमेरा तासाभरासाठी मागून आणला. मी तिला दुपारी ये म्हणालो होतो, उजेड चांगला असतो म्हणून. उजेड चांगलाच असतो — भर उन्हात लेन्सचं तोंड आतून बारीक होतं, आणि तसं झालं की कललेल्या काचेचा दोष झाकला जातो. हे मला माहीत होतं. म्हणून दुपार. अक्काला तुळशीपाशी उभी केली, फोटोच्या अगदी मधोमध. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकेक फोटो काढला आणि फोनवर घेऊन सगळ्यांना दाखवला. अक्का म्हणाली, “दोन्हीत मी सारखीच काळी दिसायलेय. स्वस्तातला घे गं.”

मग मी फरक वाचून दाखवले. मेगापिक्सल दोन्हीत चोवीस. वजन जवळपास तेवढंच. नव्याचा फोकस जास्त चपळ, माणसाचा डोळा तो आपोआप पकडतो, मागचा पडदा वळतो, व्हिडिओ चांगला. जुन्यात हे नाही, पण चौतीस हजार वाचतात आणि हप्ता नाही. एकही आकडा खोटा नव्हता. त्या रात्री मी त्यावर शांत झोपलो — एकही आकडा खोटा नव्हता यावर.

तिची पहिली मोठी ऑर्डर घरातलीच होती. सोनपेठला माझ्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न, गोरज मुहूर्तावर. पंधरा हजार ठरले. संध्याकाळची वेळ, मांडवातला पिवळा उजेड, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं. स्टेजवर नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी राहते, म्हणजे फोटोत उजवीकडे. आणि तिच्या पलीकडे तिच्या माहेरची माणसं. आता तुमच्या लक्षात आलं असेल.

संक्रांतीच्या सुमारास मुलीकडचे लोक सोनपेठला भेटीला आले. आम्हीही गेलो होतो. अल्बम काढला गेला. नवरीचे चुलते एकेक पान उलटत होते. पाच-सहा पानांनंतर थांबले.

“वा रे वा! नवरदेवाकडचे आरशात बघितल्यागत, आन आमच्याकडचे सारे धुक्यात! मानपानात काई कमी पडलं का हो आमचं?”

त्यांच्यातलाच कुणीतरी म्हणाला, “फोटोवाली पोरगी त्यांच्याच घरची हाय, मंग!” हसणं झालं, पण ते चांगलं हसणं नव्हतं. जयश्री चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. माझा चुलतभाऊ गडबडला. म्हणाला, “थांबा, दादाला इचारू. दादा लय बारकाईचा माणूस हाय. खोटं बोलायचा न्हाई.”

अल्बम माझ्या मांडीवर आला. नवरीच्या आईचा चेहरा उजव्या कडेला होता. कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखा. पान उलटलं. तीच बाजू. पुन्हा तीच. कॅमेरा खराब आहे, मीच विकला — एवढंच म्हणायचं होतं ना? पाच शब्द. मी चष्मा नीट केला आणि म्हणालो, “नवी आहे पोरगी. हात बसला नाही अजून.”

हे ते वाक्य.

पाच हजार कापायचं ठरलं. जयश्री पुढं आली, ट्रे खाली ठेवला, चुलत्यांना म्हणाली, “व्हय काका, चुकलं माझं.” तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — मी कमी शब्दांत भागवलं, फार लागेल असं बोललो नाही, म्हणून बरं वाटल्यासारखं.

इथं संपलं असतं तरी लाज वाटायला पुरेसं होतं. पण संपलं नाही.

पंधरा दिवसांनी ती आमच्या घरी आली. अंगणाच्या भिंतीवर तिनं रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडल्या आणि समोरून फोटो काढत बसली. रोज संध्याकाळी यायची. उजव्या टोकाच्या बाटल्या काही केल्या स्पष्ट येईनात. एक दिवस म्हणाली, “मामा, तुमी बघा जरा. मी तिरपी उभी राहायलेय का?”

मी म्हणालो, “थोडी.”

का म्हणालो? त्या वेळी तर कुणी हसत नव्हतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी आत गेलो आणि मोजायचा टेप घेऊन आलो. भिंतीपासून तिच्या उजव्या अंगठ्यापर्यंत मोजलं, मग डाव्या. दोन्ही अंतरं सारखी होती. ती सरळ उभी होती — अगदी सरळ. मी टेपकडे पाहिलं आणि म्हणालो, “दोन बोटांचा फरक आहे. डावा पाय पुढं घे.” तिनं घेतला. मी रांगोळी आणली आणि तिच्या पायापुढं रेघ ओढून दिली, विसरायला नको म्हणून. आयुष्यात मोजून खोटा सांगितलेला तो माझा एकच आकडा. ती म्हणाली, “जरा फरक पडल्यागत वाटतंय, मामा.” फरक कुठून पडणार होता?

उन्हाळ्यात तिनं बाटल्या नेल्या. बाहेरच्या ऑर्डरी घेणं सोडलं. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढत राहिली — एकच चेहरा, पांढरा पडदा, मधोमध. कुणी विचारलं तर सांगायची, “घोळक्याचे फोटो मला जमत न्हाईत, माझी नजर तिरपी हाय.” माझ्यासमोर सांगायची. मी मान हलवायचो.

अशी पाच वर्षं.

यंदा माझ्या मुलाचा साखरपुडा ठरला. मंगल म्हणाली, फोटो जयूच काढील. मला वाटलं, नवा कॅमेरा घेऊन तिला देऊन टाकावा. आपोआप सगळं सरळ होईल, आणि बोलावं काहीच लागणार नाही. बघा — तेव्हाही मी तेच करत होतो. नवा मिररलेस आणला, तोही सगळ्यात स्वस्तातलाच, आणि तिला बोलावलं. ती जुना बरोबर घेऊन आली. तुलना करून बघू, म्हणाली. माझ्याकडूनच शिकली होती ना.

संध्याकाळ होती. तिनं भिंतीवर बाटल्या मांडल्या आणि उभी राहिली — डावा पाय पुढं घेऊन. रेघ कधीच पुसली गेली होती, पाय मात्र अजून तिथंच होता. आधी जुन्यानं फोटो काढला, मग नव्यानं. नव्यात शेवटची बाटली, तिच्यावरचा फाटका कागदसुद्धा स्पष्ट. ती पडद्याकडे बघून हसली. “नवा लय चांगला हाय, मामा. माझी चूक बी सांभाळून घेतो.”

मी पायरीवर बसलो होतो. म्हणालो, “जयू, जुना उलटा धर.”

तिला कळेना. “खालचं वर कर, अन् काढ.” तिनं काढला. पडद्यावर पाहिलं. आता डाव्या टोकाची बाटली धूसर होती. तिनं कॅमेरा सरळ केला, काढला. उलटा केला, काढला. ती फोटो काढणारी मुलगी आहे. याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. बाकीचं मी सांगितलं — देवगाव फाटा, दुपारचं ऊन, अल्बम. शेवटी एवढंच म्हणाली, “मामा, टेप तर तुमीच धरला होता.”

मी आतून पैसे आणले. कॅमेऱ्याचे चोवीस हजार आणि कापलेले पाच हजार. तिनं ते घेतले. दोन्ही कॅमेरे भिंतीवर तसेच ठेवले, चप्पल घातली आणि गेली.

त्याच रात्री मंगलला सांगितलं. ती ताटं मांडत होती. हातातलं ताट तसंच धरून म्हणाली, “आमी हसलो म्हणून?” मी म्हणालो, “नाही.” तिच्या हसण्याचा यात काही दोष नाही, हे इथंही लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी अक्काकडे जाऊन सांगितलं. सोनपेठला चुलतभावाला आणि नवरीच्या चुलत्यांना समोर जाऊन सांगायचं अजून झालेलं नाही. ते वाक्य मी त्यांच्यासमोर बोललो होतो, म्हणून हे गावांच्या नावांसकट लिहिलं — निदान त्यांच्या वाचनात यावं.

साखरपुडा झाला. अक्का आणि जयश्री आल्या, जेवल्या. घरच्यांच्या फोटोसाठी सगळ्यांना स्टेजवर बोलावलं तेव्हा जयश्री खालीच खुर्चीवर बसून राहिली. तिला वर ये म्हणायला मी गेलो नाही. नवा कॅमेरा कपाटात आहे, जुना होता त्याच खणात. फोटो परभणीहून आलेल्या एका फोटोग्राफरनं काढले. दोन्ही बाजू स्वच्छ आल्या आहेत. त्यानं अठरा हजार सांगितले होते. अठरा हजार त्याला दिले.