माती लावणारे वस्ताद

रक्त दिसलं की वस्ताद खाली वाकायचे. कुणाची भुवई फुटो, कुणाचं कोपर सोलवटो, कुणाच्या अंगठ्याचं नख उपटो, त्यांचा उपाय एकच होता. आखाड्यातली मूठभर माती उचलायची, जखमेवर दाबायची आणि वरून अंगठ्यानं रगडायची. पोरगं कळवळलं की म्हणायचे, "आई लई लांब हाय रं हितनं. वरडून काय उपेग?"

सोलापुरात शुक्रवार पेठेच्या मागच्या बोळात त्यांची तालीम होती. शाळा सुटली की मी तिथं जायचो. मी पैलवान कधीच झालो नाही, पण वस्तादांनी मला हाकललंही नाही. "तुज्यावर बाकीची पोरं हात साफ करत्यात. तुजं काम हाय हितं," असं ते सगळ्यांसमोर सांगायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. त्यांच्या तोंडून आपल्याविषयी काही निघणं हीच मोठी गोष्ट होती.

माती हा त्यांचा जीव होता. मोडनिंबच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानातून टेम्पो भरून माती यायची. तिच्यात ते ताक, तेल, हळद, कापूर घालायचे, आणि स्वतः अनवाणी उतरून खोऱ्यानं ती खालीवर करायचे. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. "ह्या मातीत किडा जगत न्हाय. रोग कुटनं जगंल?" असं ते विचारायचे, आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत.

मानेच्या ताकदीवर त्यांचा फार भर. उताणं पडून फक्त डोकं आणि टाचा टेकवायच्या, बाकी सगळं अंग कमानीसारखं वर उचलून धरायचं. चीत होण्यापासून वाचायचा तो शेवटचा मार्ग. आम्ही तसे थरथरत असलो की वस्ताद येऊन पोटावर पाय द्यायचे. "पाठ लागली की माणूस मेला. मरायचं का तुला?" एकदा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाले, "मातीला पाणी पायजेच हुतं."

सलीम हा आमच्यातला खरा पैलवान. एका लढतीत त्याचं कपाळ फुटलं आणि वस्तादांनी नेहमीप्रमाणे माती लावली. घरी गेल्यावर त्याच्या अम्मीनं ती सगळी माती धुऊन काढली, त्याला दवाखान्यात नेलं, टाके घालून घेतले, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं आणि तशीच ती तालमीच्या दारात येऊन उभी राहिली.

"वस्ताद, मेरे बच्चे का माथा है ये, तुमारा अखाडा नै!"

वस्ताद शांतपणे म्हणाले, "अम्मी, सुई टोचून घेणारा पैलवान व्हत न्हाय."

"पैलवान नै हुआ तो नै हुआ. जिंदा तो रहेगा."

टाके निघाल्यावर सलीम परत आला, तेव्हा वस्तादांनी त्याच्याकडून दुप्पट जोर काढून घेतले. पण जाताना स्वतःच्या तांब्यातली थंडाई त्याच्यापुढं सरकवली. त्यांच्याकडे माया अशीच यायची, आधी हाडं मोडून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वस्तादांनी साठी ओलांडली होती. सलीमची स्वतःची रिक्षा होती, मी नोकरीत होतो, आणि आम्ही दोघंही सवयीनं तालमीत डोकावायचो. एका सकाळी काकूंचा, म्हणजे वस्तादांच्या बायकोचा फोन आला. "ह्यांचं तोंड उघडंना झालंय. अक्कलदाढ हाय म्हणत्यात. ह्या वयात कुठली अक्कलदाढ? तू येऊन बघ की."

गेलो तर वस्ताद भिंतीला टेकून बसले होते आणि एक पोरगा त्यांच्या मानेला तेल चोळत होता. समोर दुधात भिजवलेली भाकरी तशीच पडली होती. त्यांना घास गिळता येत नव्हता. मी वाकून पाया पडलो तर त्यांनी माझ्याकडे पाहून हसून दाखवलं. वस्ताद हसतात हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग लक्षात आलं की ते हसत नव्हते. ओठांचे कोपरे आपोआप मागं ओढले गेले होते आणि डोळे भेदरलेले होते.

सलीम रिक्षा घेऊन आला. वाटेत मागून एका ट्रकनं हॉर्न दिला आणि वस्तादांचं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं. काकूंनी त्यांना धरलं तर ते आणखी ताठले.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "अलीकडे कुठं लागलं होतं?" आम्ही सगळे नाही म्हणालो. त्यांनी वस्तादांचा पाय उचलून बघितला. तळव्याच्या मध्यभागी एक काळा ठिपका होता, मिरीएवढा. तेव्हा काकूंना आठवलं. नवी माती खालीवर करताना बाभळीचा काटा घुसला होता. वस्तादांनी तो उपटला आणि भोकात माती दाबली. "धनुर्वात आहे हा," बाई म्हणाल्या.

"पण काटा गंजलेला थोडाच असतो?" मी विचारलं.

"गंजाचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "हे जंतू मातीत असतात, शेणखतात असतात. वर्षानुवर्षं झोपून राहतात. खोल, हवा न लागणारी जखम मिळाली की जागे होतात आणि विष सोडतात. जखम धुऊन वेळेवर इंजेक्शन घेतलं असतं तर..." त्यांनी केसपेपर पुढं ओढला. "शेवटचं कधी घेतलं होतं?"

आवळलेल्या दातांतून वस्ताद म्हणाले, "कदीच न्हाय." त्या आवाजात अजूनही थोडा तोरा होता.

विषावरचं औषध दिलं. पण जे विष नसांना आधीच चिकटलं होतं ते सुटणार नव्हतं. त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं. उजेड नको, आवाज नको, स्पर्श नको, कशानंही झटका येईल, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला, आणि वस्तादांचं शरीर पलंगावरून उचललं गेलं. डोकं आणि टाचा टेकलेल्या, मधे नुसती कमान. पाठीखालून हात गेला असता. सलीमनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी बाईंना विचारलं, त्यांना हे कळत तरी नसेल ना? त्या म्हणाल्या, "सगळं कळतंय त्यांना. या आजारात शुद्ध जात नाही."

त्याच संध्याकाळी सलीमनं तालमीतल्या झाडून सगळ्या पोरांना गोळा करून दवाखान्यात नेलं. एकानं भीत भीत विचारलं, "वस्तादांना चालंल का?" सलीम म्हणाला, "दंड पुढं कर." मीही इंजेक्शन घेतलं. लहानपणी घेतलेलं जन्मभर पुरत नाही, दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यायचं असतं, हे मला त्या रांगेत कळलं.

काकूंना आत बसू देत होते, पण त्यांच्या बांगड्या वाजल्या तरी वस्तादांना झटका यायचा. काकू बाहेर आल्या, बाकावर बसल्या आणि साबणाचं पाणी लावून एकेक हिरवी बांगडी उतरवायला लागल्या. शेजारची एक बाई म्हणाली, "अवो, नवरा जिता हाय न्हवं?" काकूंनी मान वर केली नाही. "म्हणूनच काढतीय," त्या म्हणाल्या.

मग त्या मोकळ्या हातांनी आत जाऊन बसू लागल्या. पलंगापासून थोडं दूर, हात मांडीवर. पुढं वस्तादांच्या घशात नळी घातली. काकू नुसत्या बघत राहायच्या. त्यांना रडायचं असलं की उठून जिन्यापर्यंत जायच्या आणि तोंड पुसून परत यायच्या.

एका दुपारी वस्तादांचं हृदय थांबलं. डॉक्टरांची धावपळ झाली, नळी निघाली, खिडकीचा पडदा बाजूला केला गेला. काकू आपल्या जागेवरच बसून होत्या. सिस्टर त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, आता हात लावला तरी चालेल."

काकूंनी हळूच, जवळजवळ कुजबुजत विचारलं, "झटका येईल की हो त्यांना?"

"नाही येणार आता."

तरीही त्यांनी आधी एकच बोट लावलं. थोडं थांबून बघितलं. मग दोन्ही तळवे त्यांच्या गालांवर ठेवले.