बुर्गी आणि हिवाळी खोलीचं कुलूप

बुर्गीला किळस फार लवकर येते. गावातल्या खाटकाच्या दुकानात ती तीस वर्षं काउंटरमागे उभी आहे, पण मांसाची, रक्ताची, आतड्यांची तिला कधी किळस आली नाही. तिला किळस येते ती माणसांची. काचेवर बोट टेकवून कोणी "ते तिथलं द्या" म्हणालं, की ती आधी फडक्याने काच पुसते आणि मग सुरीला हात लावते. तिच्या घरी गेलेल्या माणसाचे मोजे ती उंबऱ्यावरच हुंगते, असं लोक चेष्टेने म्हणतात. चेष्टा कसली, माझे हुंगले आहेत.

तिची दुसरी खोड म्हणजे पुडीवरचं नाव. आधी सांगून ठेवलेलं मांस ती पांढऱ्या कागदात बांधते, कानावरची जाड पेन्सिल काढते आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहून पुढे त्याची आवडनिवडही लिहिते. माझ्या पुडीवर वीस वर्षं एकच मजकूर आहे: 'मास्तर, चरबी काढून'. मी इथल्या शाळेत शिकवायचो. आता निवृत्त आहे आणि गावच्या गिर्यारोहण मंडळाचा चिटणीस आहे.

मंडळाचा एक निवारा आहे, वर दोन हजार सहाशे मीटरवर. सप्टेंबर संपत आला की तिथला रखवालदार दार लावून खाली येतो, पण मागची एक खोली वर्षभर उघडी असते. आठ बिछाने, घोंगड्या, शेगडी, लाकडं. तिला आम्ही हिवाळी खोली म्हणतो. नऊ वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या वादळात बुर्गीचा मुलगा वर अडकला, तेव्हा दोन रात्री त्याने तिथे काढल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आला. त्या दिवसापासून खोली बुर्गीची झाली. दर ऑक्टोबरच्या शेवटी, मोठा बर्फ पडायच्या आत ती वर जाते, घोंगड्या झटकते, उंदरांचे सापळे लावते, आगपेट्या ठेवते, आणि लोकांनी केलेली घाण शिव्या घालत उपसते.

आता माझं सांगतो. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही आठजण त्या खोलीत होतो. मंडळाचा अध्यक्ष नात्स, ज्याची लाकडाची वखार आहे, तो साठ वर्षांचा झाला म्हणून ही मेजवानी होती. धुरी दिलेल्या मांसाच्या आठ पुड्या, प्रत्येकाच्या नावाची एकेक, त्याने बुर्गीकडूनच बांधून घेतल्या होत्या. तिला सांगितलं होतं, घराच्या बागेत जेवण आहे. नासपतीची दारू प्रत्येकाने आणली होती. रात्री दोघं ओकले, ते सुपाच्या मोठ्या पातेल्यात. आणखी एक घोंगडीवर. सकाळी पाण्याचा नळ बंद, डोकी जड, आणि खाली न्यायची पिशवी कोणी उचलेना. नात्स म्हणाला, "राहू द्या रे, कोणीतरी येईलच साफ करायला." आम्ही पातेलं बिछान्याखाली सरकवलं, कागद आणि मांसाच्या सालपटांचा ढीग शेगडीमागे कोंबला आणि निघालो. ते कोणीतरी म्हणजे कोण, हे आम्हा आठही जणांना ठाऊक होतं.

दोन आठवड्यांनी कोणा अनोळखी माणसाने मंडळाला खोलीचे फोटो पाठवले. सभा भरली. नात्सने टेबलावर मूठ आपटली.

"बाहेरची डुकरं! यांच्यासाठी खोली उघडी ठेवायची? कुलूप ठोका!"

बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. एवढंच नाही, सभेच्या वृत्तांतात 'अज्ञात बाहेरगावच्या लोकांनी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

"आणि दाराशी कोणी गारठून मेलं म्हणजे?" बुर्गीने विचारलं.

"मग तूच जा वर," नात्स म्हणाला. "तूच बघ, तूच ठरव. कुलूप घेऊन जा. तुला पटलं तर लाव, नाही तर आण परत. तू म्हणशील ते आम्हाला मान्य."

तिने कुलूप पिशवीत टाकलं. जाताना मला हळूच म्हणाली, "ते फोटो बघून दोन दिवस घास उतरला नाही, मास्तर. या खेपेला लावेन बहुतेक. माझी हौस फिटली."

सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही चढाईचा बेत ठरवायला बसलो. चिटणीस म्हणून तिच्याबरोबर जायचं माझ्याकडे आलं होतं. माझ्या मनातला बेत मात्र वेगळा होता.

"मी एकटाच जाऊन येतो की," मी म्हणालो. "तुझे गुडघे..."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत. आणि ऑक्टोबर संपताना एकट्याने वर जायचं? शाळेत पोरांना हेच शिकवलंत होय?"

"मग मी उत्तरेच्या घळीतून पुढे होतो. जवळची वाट आहे. तू येईस्तोवर शेगडी पेटवून ठेवतो."

तिने नकाशावरून मान वर केली. "घळीत ऊन पोचत नाही गेले दोन महिने. बर्फाची काच झाली असेल तिथे. शेगडी पेटवायला माणूस जिवंत पोचावा लागतो, मास्तर. झालंय काय तुम्हाला? एवढी घाई कसली?"

"छे, घाई कुठे?"

मग तिने मांस बांधायच्या कागदावर बेत लिहिला. वरची बस पंधरा तारखेपासून बंद, म्हणून गावातूनच पायी, साडेपाचला. दक्षिणेची वाट, तास जास्त लागला तरी. झरा आटलेला, नळ बंद, तेव्हा पाणी प्रत्येकी तीन लिटर. बुटांना काटे. गरम वारा सुटला तर बेत रद्द, कारण त्याच्यामागून बर्फ येतो. बारापर्यंत पोचलो नाही तर जिथे असू तिथून परत, निवारा समोर दिसत असला तरी. शेवटी लिहिलं: हातमोजे, व्हिनेगर, पिशव्या, फावडं, कुलूप.

मंगळवारी निघालो. झाडं संपेपर्यंत बॅटरीच्या उजेडात चाललो, मग कड्यांवर ऊन आलं. गवत कडक झालं होतं, पायाखाली मोडत होतं. बुर्गी पुढे, आणि वाटभर तिचं तोंड चालू.

"शहरातलेच असणार. महागडे बूट घालतात आणि ओकायला पातेलं घेतात. आई-बापांनी काही शिकवलं नसेल का हो?"

"हं," मी म्हणालो.

"दुसऱ्याच्या पातेल्यात! त्यात उद्या कोणी सूप करणार आहे, हे डोक्यात येत नाही?"

"हं."

मेजवानीच्या रात्रीची मला लाज वाटते. पण त्या 'हं'ची मला किळस येते, अजूनही. पाच तासांच्या वाटेवर सांगायला जागा हजार होत्या. मी प्रत्येक वळणावर पाणी प्यायलो.

साडेदहाला पोचलो. बुर्गीने दार उघडलं आणि वास अंगावर आला. आंबट, तेलकट, महिनाभर कोंडलेला. तिने बाही नाकाला लावली. मग वाकून बिछान्याखालचं पातेलं ओढलं. आतलं वाळून काठाला चिकटलं होतं, वर हिरवी बुरशी, आणि मधोमध एक मेलेला उंदीर. मला उमासा आला. माझंच होतं, तरी आला.

"शी!" ती म्हणाली. "मास्तर, बाहेरून दोन बादल्या बर्फ आणा, वितळवून धुते."

सावलीतला बर्फ फावड्याने खरवडून आणायला मला पाऊण तास लागला. परत आलो तर ती शेगडीपुढे गुडघ्यांवर बसून राख काढत होती. मी लाकडं नीट रचायच्या निमित्ताने शेगडीमागे हात घातला. रिकामं होतं. आमचे कागद नव्हते. उंदरांनी नेले असतील, किंवा मधे कोणी आग पेटवायला वापरले असतील. मी देवाचे आभार मानले. खरंच मानले.

तिथून पुढे बुर्गी शिव्या देईनाशी झाली. दमली असेल, असं मला वाटलं. तिने पातेलं तीनदा घासलं, हुंगलं, आणि चौथ्यांदा घासलं. घोंगडी बाहेर दगडावर पसरली, सापळे लावले, आगपेट्या फळीवर ठेवल्या. दीड वाजता निघताना मी विचारलं, "आणि कुलूप?"

"पिशवीत आहे. तिथेच बरं आहे."

"म्हणजे खोली उघडीच?"

"उघडीच. बाहेरच्यांचा काय दोष?"

मला एवढं हायसं वाटलं की तिच्या बोलण्याकडे माझं लक्षच गेलं नाही. घाणीची पिशवी मी घेतो म्हणालो, तर तिने ती स्वतःच्या पाठीला बांधली. "राहू द्या, मास्तर. मला सवय आहे." उतरताना पूर्ण वेळ तो वास तिच्यामागून माझ्या तोंडावर येत होता.

एक नोव्हेंबरला सर्वसंतांचा सण असतो, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी दुकानात दाराबाहेरपर्यंत रांग होती. सणाचं मांस सगळ्यांनी सांगून ठेवलेलं. माझ्यापुढे नात्स होता. बुर्गीने त्याचं भाजायचं मांस दिलं. मग हातमोजा चढवून ती मागच्या अंगणात गेली आणि पारदर्शक पिशवीत बांधलेली एक पुडी घेऊन आली. कागद डागाळलेला, सुरकुतलेला, पण हाताने सपाट केलेला. वर तिच्या पेन्सिलीने लिहिलेलं: 'नात्स, जाड काप'. तिने पुडी त्याच्या हातात दिली आणि वर कुलूप ठेवलं.

"हे काय?" नात्सने विचारलं.

"तुझंच. वर राहिलं होतं. आणि कुलूप परत घे, लागलं नाही."

नात्सचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. काही म्हणायला त्याने तोंड उघडलं, मागे वळून रांगेकडे पाहिलं आणि पुडी कोटाखाली घालून निघून गेला. पळालाच म्हणा.

मीही निघायला हवं होतं. पण माझ्यामागे वीस माणसं होती, त्यांतली निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली. बुर्गी पुन्हा अंगणात गेली आणि आली.

"मास्तर, तुमची," ती म्हणाली. आवाज रोजचाच. "चारशे ऐंशी ग्रॅम. आठांना सारखं वाटलंय, वजनकाट्यावर. उंदीर तेवढा वर पुरला, त्याचा काही दोष नव्हता."

पिशवीतून माझं नाव स्पष्ट दिसत होतं. 'मास्तर, चरबी काढून'. पुडी थंड होती आणि जड. तिने हातमोजा काढला, फडक्याने काच पुसली, कारण मी नकळत काचेवर हात टेकवला होता, आणि माझ्या मागच्या बाईकडे बघून "बोला" म्हणाली.

आणि मी, वीस वर्षांच्या सवयीने, "आभारी आहे" म्हणालो.