रेगेन्सबुर्गचा कौल

धाकटी बहीण जर्मनीत राहते आणि मी श्रीवर्धनला, आईच्या सुपारीच्या वाडीत. जोडून सुट्ट्या तिलाही येतात, मलाही येतात. फरक इतकाच, की तिच्या सुट्टीत ती कुठेतरी जाते आणि माझ्या सुट्टीत मुंबई-पुण्याचे लोक माझ्याकडे येतात. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. मग मोदक वळायचे, चादरी बदलायच्या आणि गरम पाणी येत नसल्याच्या तक्रारी ऐकायच्या.

यंदा तिने आईला महिनाभर तिकडे बोलावलं. त्यातल्या एका जोडून सुट्टीचा बेत ती रोज व्हिडिओ कॉलवर रंगवायची. रेगेन्सबुर्ग नावाचं जुनं शहर, नदीवर कित्येक शतकांचा दगडी पूल, पुलाशेजारीच खोली. तिचा नवरा घरी राहणार, फक्त आई आणि ती. आई फोनपुढे नव्या नवरीसारखी बसायची. मी मागे सुपाऱ्या सोलत असायचे. मला कुणी 'तू येतेस का' असं विचारलंसुद्धा नाही. आईला गोळ्या मी द्यायच्या, तिच्या गुडघ्यांना तेल मी चोळायचं आणि पूल दाखवणार धाकटी. माझा नुसता जळफळाट होत होता.

"जुने दगडच बघायचे तर जंजिरा आहे की इथे," मी एकदा म्हटलं.

"तो बघून झालाय गो," आई म्हणाली.

तिकीट काढायची वेळ आली तेव्हा आई अडून बसली. आधी कौल लावायचा. आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलगी द्यायची, देवीला विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं लावतो. आपण प्रश्न मनात धरायचा. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

आई डोळे मिटून बसली. मी तिच्यामागे उभी राहून डाव्या फुलाकडे टक लावून बघत होते. पड बाई, पड. आणि डावंच पडलं. मला इतकं बरं वाटलं, की मी जरा जास्तच जोरात घंटा वाजवली.

घरी येऊन आईने धाकटीला व्हिडिओ कॉल लावला. मी मागे सुपाऱ्या सोलायला बसले.

"देवीनं न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "मी इचारलं व्हतं, थोरलीला ठेवून एकटी जाव का? तवा आता दोघींची तिकिटं काढ."

हातातली सुपारी मी तशीच धरून राहिले.

"ताईला थंडी सोसेल का?" धाकटी म्हणाली. "आणि पाहुण्यांच्या खोल्यांचं कोण बघणार?" माझ्या खोल्यांची काळजी तिला यापूर्वी कधी वाटली नव्हती. मग तिचा आवाज फाटला. "आई, तू बारा महिने तिच्याकडेच असतेस. मला चार दिवस तू एकटी हवी होतीस."

इतके दिवस मी तिच्या पुलावर जळत होते आणि ती माझ्या तेलाच्या वाटीवर. मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण आई माझ्याकडे बघत होती.

"मी येते," मी म्हटलं.

"पुलाजवळच्या खोलीत एकच पलंग आहे, ताई. दोघींपुरता."

"असू दे. तू खाली झोप."