घट्ट पाण्यातले बुडबुडे

आईचं दिवसकार्य आटोपलं आणि मी कोल्हापूरला परतले. वडिलांना, आबांना, गावी मुरगूडला एकटं ठेवायला मन होईना, म्हणून त्यांनाही बरोबर आणलं. म्हशी शेजाऱ्यांनी बघायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले, तर ते टोपी घालून दारात उभे.

"मी बी येतो. बसतो की एका कोपऱ्यात."

माझ्या पीएचडीचं काम प्रयोगशाळेतल्या एका उभ्या, पारदर्शक नळीत चालायचं. माणसापेक्षा उंच नळी, तळाशी काचेचे बारीक मणी. खालून पाणी जोरात सोडलं की मणी उचलले जातात आणि तरंगत राहतात. मग खालूनच हवा सोडायची. सांडपाणी साफ करायला अशाच मोठ्या टाक्या वापरतात. पाण्याचे गुण बदलले की बुडबुडे कसे बदलतात आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात किती वेगाने उतरतो, हे मला मोजायचं होतं.

आबा स्टुलावर बसले. बराच वेळ नळीकडे बघून म्हणाले, "ह्यात काय शिजतंय?"

"काही नाही, आबा. हवा विरघळतेय."

"दिसत न्हाय की."

"दिसत नाही. मीटरवरचा हा आकडा चढतो, त्यावरनं कळतं."

मग ते आकड्याकडे बघत बसले. आम्ही आईबद्दल बोललो नाही. मला अजून रडूही आलं नव्हतं. कुणी विचारलं की मी "बरी आहे" म्हणायचे, आणि ते खोटं आहे असंही वाटायचं नाही.

साध्या पाण्याचं काम संपल्यावर मी त्यात घट्टपणा आणणारी पावडर मिसळू लागले. पाणी पेजेसारखं झालं. बारीक बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे व्हायचे आणि धपकन वर निघून जायचे. त्यांच्यातली बरीचशी हवा पाण्याला न लागताच बाहेर पडायची. आकडा रेंगाळायचा. मी तो लिहून घ्यायचे, पुन्हा घट्टपणा वाढवायचे. आबा रोज स्टुलावर बसून डुलक्या घ्यायचे.

मग साबणाची पाळी आली. साबणाने पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो, बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात. थोडंसंच द्रावण घातलं होतं. नळी दुधासारखी पांढरी झाली. मी आकड्याकडे वळले तोवर फेस वरून उतू गेला, नळीच्या अंगावरून खाली उतरला आणि दाराकडे निघाला.

"आगं, बंद कर की त्ये!"

मी पंप बंद केला. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फेस अडवायला खाली बसले. फेस टॉवेलवरून पलीकडे गेला. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत.

"तुझी आई असती तर मला केरसुणीनं हाणलं असतं. म्हणाली असती, बापलेकीनं मिळून घाण केली."

हसता हसता त्यांचा आवाज फाटला. फेसातच बसून ते रडू लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी जवळ गेले, पाठीवर हात ठेवला. सदरा ओला होता. सदरा वाळत घालायला हवा, एवढंच माझ्या मनात आलं.

तोंड पुसून ते म्हणाले, "मी जातो उद्या. म्हशीस्नी दुसऱ्याचा हात चालत न्हाय."

सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडलं. खिडकीतून त्यांनी "जेवत जा" म्हटलं आणि गाडी सुटली.

मी प्रयोगशाळेत आले, मणी धुतले, साबण आणखी कमी करून मोजणी केली. बुडबुडे बारीक आणि पुष्कळ झाले होते, पण ऑक्सिजन तेवढ्या प्रमाणात वाढला नव्हता. साबण बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर जमतो आणि आतल्या हवेला पाण्यात उतरायला अडवतो. तसं लिहिलं. पुढे प्रबंधात ते प्रकरण तसंच गेलं.

संध्याकाळी आबांचा फोन आला. "दूध घातलं डेरीला."

"बरं."

"तू जेवलीस?"

"हो," मी म्हटलं. मी जेवले नव्हते. फोन ठेवून कुकरला भात लावला.