अंबूबाईच्या हातचं पाणी

माझे अब्बा, हनीफ, भोरात छकडा चालवायचे. तेव्हा भोरला संस्थान होतं. वेशीबाहेर ख्रिस्ती सिस्टरांचा लहानसा दवाखाना होता आणि दर गुरुवारी सिस्टर फिलोमेनांना रोगी बघायला किकवी गावी नेऊन आणायचं काम अब्बांकडे होतं. पण अब्बा सांगायला बसले की गोष्ट सिस्टरांपासून नव्हे, किकवीच्या महारवाड्यातल्या अंबूबाईपासून सुरू व्हायची.

अंबूबाई विधवा, एकटी आणि तोंडाची फटकळ. सिस्टरांची औषधांची पेटी डोक्यावर घेऊन ती पुढं चालायची, चुलीवर पाणी उकळून द्यायची, पट्ट्या धुवायची. सिस्टर आधी महारवाड्यात जायच्या आणि मग गावात. गावाला हे झोंबायचं. पाटलांनी एकदा जाब विचारला तेव्हा सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "महारवाडा जास्त दिवस थांबलाय." पाटील तेव्हा निघून गेले, पण विसरले नाहीत.

अगदी पहिल्या गुरुवारी अंबूबाईनं चिंचेनं घासून लखलखीत केलेला तांब्या सिस्टरांपुढं धरला. सिस्टरांनी हात जोडले. "नको अंबूबाई. बाहेर कुणाच्या घरी खायचं-प्यायचं नाही, असा आमच्या मठाचा नियम आहे."

नियम! अंबूबाईचा सगळा जन्म नियमांतच गेला होता. विहिरीला शिवायचं नाही, हा नियम. घागर घेऊन लांब बसायचं आणि कुणाला दया येईल तेव्हा वरून ओतलेलं पाणी घ्यायचं, हाही नियमच. तिनं तांब्या आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन अब्बांना म्हणाली, "ह्यांचा देव येगळा, पन इटाळ आपलाच!"

तरी तिनं काम सोडलं नाही, आणि तांब्याही सोडला नाही. दर गुरुवारी तो भरून, वर वाटी झाकून दाराशी ठेवलेला असायचा. "जखमा धुवायला माजं पानी चालतं," ती पुटपुटायची, "नरड्याखाली तेवढं जात न्हाई." बोलणं रागाचं वाटे, पण आत नुसती आस होती. ज्या बाईनं शेजारणीचं सडलेलं बोट स्वतःच्या मांडीवर घेऊन धुतलं, तिनं आपल्या घरचं एक घोट पाणी प्यावं, एवढंच तिला हवं होतं.

मग एकदा पाटलांच्या अडलेल्या सुनेची सुटका सिस्टरांनी केली. नातू झाला. पाटलीणबाई, बाळाबाई, वेलची घातलेलं दूध चांदीच्या पेल्यातून घेऊन आल्या. सिस्टरांनी हात जोडले आणि तेच शब्द उच्चारले. बाळाबाईंचा चेहरा पडला. "आमच्या हातचं बी चालत न्हाई व्हय?"

अंगणाबाहेर पेटीजवळ बसलेल्या अंबूबाईनं हे ऐकलं. तिनं तोंडात पदर कोंबला, तरी हसू काही आवरेना. परतताना तिनं विचारलं, "म्हंजी तुमाला कुनाच्याच हातचं चालत न्हाई?"

"कुणाच्याच नाही."

"मग तहान लागली तर वो?"

"लागते," सिस्टर म्हणाल्या. "तुमचा तांब्या दिसला की जास्तच लागते."

त्या दिवसापासून ती आस दोघींची झाली. सिस्टर पुण्याच्या मदरकडं, म्हणजे मठाच्या मुख्य बाईंकडं, परवानगी मागत राहिल्या आणि मदर नाही म्हणत राहिल्या. अशी कितीतरी वर्षं गेली.

एका चैत्रात सिस्टरांनी छकड्यात बसताच अब्बांना सांगितलं, ही शेवटची खेप. दूर मद्रासकडं बदली झाली होती. जाता जाता मदरनं एक गोष्ट दिली होती, अंबूबाईच्या घरी पाणी प्यायची परवानगी.

आणि नेमका त्याच दिवशी दाराशी तांब्या नव्हता.

अंबूबाई विहिरीवर होती. पाणी तळाला गेलेलं. सकाळपासून येणारी प्रत्येक बाई "आमचं झाल्यावर देतो" म्हणून घागरी भरून निघून जात होती. सिस्टर तिथं पोचल्या, त्यांनी परवानगीचं सांगितलं, तशी अंबूबाई कपाळावर हात मारून रडायला लागली. "आजच कशी वो ही येळ आली! तुमीच शेंदा की. तुमाला कोन अडवतंय?"

"मी शेंदलं तर ते माझ्या हातचं होईल," सिस्टर म्हणाल्या, आणि त्या पांढऱ्या झग्यानिशी तिच्याशेजारी मातीत बसल्या.

ऊन चढलं. बायका पाणी भरत होत्या, खाली बघून जात होत्या. छकड्यात अब्बांची सुरई होती, पण सिस्टरांनी तिकडं पाहिलंही नाही. शेवटी कुणीतरी जाऊन सांगितलं आणि बाळाबाई स्वतः आल्या. "मातीत काय बसलाय बाई? घरी चला."

"आम्ही पाण्याला बसलोय," सिस्टर म्हणाल्या.

बाळाबाई दोघींकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पोहरा सोडला, पाणी शेंदलं आणि अंबूबाईच्या घागरीत वरून ओतलं.

घरी आल्यावर अंबूबाईनं तांब्या विसळला, भरला आणि दिला. सिस्टरांनी तो तळापर्यंत संपवला, पदर नव्हता म्हणून हातानंच तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अजून द्या." अंबूबाई हसत होती की रडत होती, ते अब्बांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

पुढच्या गुरुवारी अब्बा दुसरंच भाडं घेऊन किकवीवरून चालले होते. अंबूबाई दाराशी बसली होती आणि शेजारी वाटी झाकलेला तांब्या होता.

"त्या न्हाई येत आता, ठावं हाय मला," ती म्हणाली. "हाताची सवय जात न्हाई, त्याला काय करू? लई आठवन येती वो."

इतकी वर्षं अब्बा त्या दारात आले होते, आणि दर खेपेला स्वतःच्या सुरईतलं पाणी प्यायले होते. त्यांच्यावर तर कुठल्या मदरचा नियम नव्हता. अंबूबाईनं त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी मागितलं नाही.

अब्बांनी बैल थांबवले, खाली उतरले आणि तिच्या उंबऱ्याशी उकिडवे बसले. "अंबूबाई, पानी द्या."

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. मग वाटी काढून तिनं तांब्या त्यांच्या हातात दिला. अब्बा पीत होते तेवढा वेळ ती भोरच्या रस्त्याकडं बघत होती.