दुरुस्त न करणारं माणूस पाहिजे

आमच्या जबलपुरात दुरुस्तीवाल्यांची काही कमी नाही. कुकर, मिक्सर, शिलाई मशीन, गुडघे, नशीब, जे म्हणाल ते दुरुस्त करून मिळतं. मला मात्र असं माणूस हवं होतं जे मला दुरुस्त करणार नाही, नुसतं बसून ऐकेल. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पालक निवडत बसली होती. वर न बघताच तिनं विचारलं, "मग त्याच्याकडे जायचंच काहून?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर लांबलचक होतं, म्हणून मी दिलं नाही.

तुम्हाला थोडक्यात सांगते. मी बँकेत नोकरीला आहे, पस्तिशी ओलांडलेली आहे, आणि माझा जीव जडतो तो बायांवरच. दुसरं म्हणजे माझं डोकं. गॅसवर दूध ठेवते, तेवढ्यात कपाट आवरायची आठवण येते, कपाटात स्वेटर सापडतो, स्वेटरला बटण लावायला दोरा शोधायला लागते, आणि दूध केव्हाच ओट्यावर पसरलेलं असतं. नागपूरच्या एका डॉक्टरांनी याला एडीएचडी म्हणतात असं सांगितलं. तोवर आमच्या घरात त्याला धांदरटपणा म्हणत असत, आणि त्यावर उपाय म्हणजे ओरडणं.

नागपूरलाच एक जण होती. ती सोडून गेली. चुका दोघींच्याही होत्या, पण तिच्या जास्त होत्या असं मी आजही म्हणेन. त्यानंतर मात्र माझं गाडं बसलं ते बसलंच. सकाळी उठवेना. ऑफिसच्या चाव्या घरी आणि घराच्या ऑफिसात. लंच टाइममध्ये जेवणाऐवजी बाथरूममध्ये जाऊन रडायचं आणि तोंड धुऊन पुन्हा काउंटरवर. हे असं किती दिवस चालणार? कुणाशी तरी बोलल्याशिवाय आता भागणार नाही, हे माझं मलाच कळून चुकलं होतं.

आईला माझं सगळं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मीच एकदा जेवताना सांगून टाकलं होतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, सांगणार तरी आणखी कुणाला? तिनं ऐकलं, आणि म्हणाली, "भात घे." बस्स. त्या दिवसापासून त्या विषयावर एक अक्षर नाही. रागावली असती तर भांडले असते. रडली असती तर समजूत काढली असती. पण वाढलेल्या भाताशी कोण भांडणार? म्हणून जेव्हा ती म्हणाली, "एकटी काहून जाते? मी येते ना सोबत," तेव्हा मला कोडंच पडलं. ही माझ्या बाजूनं येतेय, की मला ठीकठाक करून आणायला येतेय? मला खरंच कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

पहिले डॉक्टर राइट टाउनमध्ये. खोलीत माशांची काचपेटी, भिंतभर सर्टिफिकेटं. माझ्या विसरण्याचं त्यांनी फार नीट ऐकून घेतलं. मी म्हटलं, वा! मग मी बायांवर जीव जडतो ते सांगितलं, तर गृहस्थ एकदम खूश झाले. गणित सुटल्यासारखे आईकडे वळून म्हणाले, "देखिए, यही तो बात है. ध्यान टिकता नहीं, तो मन भी इधर-उधर जाता है. शादी करा दीजिए, एक जगह ध्यान लग जाएगा."

अहो, दूध उतू जातं म्हणून मी बायांच्या प्रेमात पडते काय? पण हे सगळं मला घरी आल्यावर सुचतं. समोर कुणी ठासून बोललं की माझी मान आपोआप होकारात हलते. मी मान हलवली. आईचा चेहरा असा सैल पडला होता, जसा मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. तिनं विचारलं, "ठीक हो जाएगी?" ते म्हणाले, "बिल्कुल!" मी मनात म्हटलं, झालं, आता माझी वरात निघते. आणि इतक्यात आई ताडकन उठली, पर्स काखेत मारली आणि मला म्हणाली, "चल."

खाली आल्यावर म्हणते, "हे नको. जिना फार उभा आहे." आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही.

मग आईनं शोध स्वतःच्या हातात घेतला. शोध म्हणजे तिला एकच प्रकार येतो, स्थळाची चौकशी. भजनी मंडळात ती दबक्या आवाजात विचारत सुटली: कुणी माहितीत आहे का, शांत स्वभावाचं, ऐकून घेणारं, मुलीसाठी. कशासाठी ते सांगायची लाज, म्हणून तेवढंच अर्धवट विचारलं. मंडळानं उरलेलं अर्धं भरून घेतलं. पुढच्या आठवड्यात वरच्या आळीच्या काकू पेढ्यांचा पुडा आणि भाच्याचा फोटो घेऊन हजर! भाचा भिलाईला, चांगल्या नोकरीत. "ऐकून घेणारा पाहिजे ना? अगं, तो बोलतच नाही," काकू म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते. पदरही आईचा, दोरीवर वाळत घातलेला. आईनं फोटो दोन्ही हातांनी धरून नीट पाहिला, जड आवाजात म्हणाली, "मुलगा सोन्यासारखा आहे हो. पण पत्रिका जुळत नाही." त्या बिचाऱ्याची पत्रिका तोवर काकूंच्या पिशवीतच होती.

पेढे मात्र आम्ही खाल्ले.

दुसरी समुपदेशक मी शोधली. मुंबईची, स्क्रीनवरची, मागे इंद्रधनुष्याचं चित्र. तिनं पहिल्याच दिवशी, "पार्टनर कशी होती तुमची?" असं इतक्या सहज विचारलं, की मला ढसाढसा रडूच आलं. मी तर तिच्यावर फिदा. काही आठवडे छान गेले. मग एकदा वेळ डोक्यातून निघूनच गेली, आणि मी बँकेच्या स्टोअररूममधून, स्टेशनरीच्या खोक्यावर बसून, उशिरा जोडली गेले. ती थंडपणे म्हणाली, "ज्याला स्वतःची किंमत असते तो वेळ पाळतो. एडीएचडीचं हल्ली सगळेच सांगतात. तुम्हाला बरं व्हायचंय का, हे आधी ठरवा." मी मान हलवली. पुढच्या वेळी घरून जोडली गेले, उशिराच, आणि पुन्हा तेच. एकाला माझं डोकं चालत होतं आणि मन नाही, दुसरीला मन चालत होतं आणि डोकं नाही. माणूस काय हप्त्याहप्त्यानं न्यायचा असतो?

दार लोटलेलं होतं, तरी आईनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलंच. म्हणाली, "ही पण नको. आवाज तुटून राहिला तिचा." आवाज अगदी खणखणीत येत होता.

मग मात्र माझं डोकं सटकलं. "जिना, आवाज, पत्रिका! सरळ सांग ना! तुला मला बरं करून देणारं कुणी पाहिजे, म्हणून फिरतेस माझ्यामागे, म्हणून कान लावून बसतेस! मी जशी आहे तशी तुला नको आहे, एवढंच ना?" आईनं घासलेली कढई पुन्हा घासायला घेतली. बराच वेळ घासली. मग विचारलं, "उद्या भाजी काय करू?" मी म्हटलं, "काही नको करू." त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही दोघी फक्त सिलिंडर आणि नळाचं पाणी याबद्दलच बोलत होतो.

तिसरी मला एका ऑनलाइन गटातून कळली. आमच्यासारख्या लोकांचा गट. त्यात कुणीतरी लिहिलं होतं की नेपियर टाउनमध्ये एक बाई आहेत, त्या डोकं खात नाहीत. वेळ ठरवताना त्यांनी फोनवर मलाच विचारलं, "पहले एक बार याद दिला दूँ, चलेगा? या दो बार?" मला वाटलं, ही चेष्टा आहे. ती चेष्टा नव्हती. ठरल्या दिवशी आठवणीचे दोन्ही फोन आले, आणि मी चक्क वेळेवर खाली स्कूटर काढली. मागे वळून बघते तर आई चपला घालून उभी. भांडण मिटलं नव्हतं. तरी ती मागे बसली, आणि मी काही बोलले नाही.

खोली छोटी होती, पडदे अर्धे लावलेले, एका परडीत मुठीत दाबायचे मऊ चेंडू. आईनं बसल्या बसल्या मुलाखत सुरू केली.

"आप कहाँ की हैं?"

"शहपुरा की."

"अच्छा! मटर बहुत मीठा होता है उधर का. और घर में कौन-कौन? शादी-वादी?"

बाई हसल्या. "वो मैं यहाँ नहीं बताती, आंटी."

आईचं तोंड एवढंसं झालं. मग ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पक्की आहे."

मला बसवत नव्हतं. मी खुर्चीत चुळबुळ करतेय हे बघून बाई म्हणाल्या, "बैठना ज़रूरी नहीं है. टहलना हो तो टहलिए." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी असं म्हटलं असेल. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, आणि जे कधीच वेळेवर सुचत नाही ते त्या दिवशी सुचलं. मी म्हटलं, "मुझे औरतें अच्छी लगती हैं. और मैं सब भूलती हूँ. इसमें से आप क्या-क्या ठीक करेंगी?"

"दोनों में से कुछ नहीं," बाई म्हणाल्या. "जो दुखता है, उसकी बात करेंगे."

माझे डोळे भरून आले. मी खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं. तेवढ्यात बाई आईकडे वळल्या. "आंटी, आप क्या चाहती हैं?"

मी खिडकीकडून वळले. आता कळेल, मी म्हटलं. जे असेल ते असो.

आईनं सुरुवात हिंदीत केली आणि दोन वाक्यांत मराठीत उतरली. बाईंना किती समजत होतं देव जाणे, पण त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"पहिल्या डॉक्टरनं सांगितलं ना, ठीक होईल म्हणून, तर मला इतकं बरं वाटलं... इतकं बरं वाटलं की मला माझीच भीती वाटली. आणखी जराशी बसली असती तर मी हो म्हणून बसली असती. आणि हिनं मान हलवली असती. ही हलवतेच. कोणी जोरात बोललं की हिची मान हलते, लहानपणापासून. म्हणून मी उठली. ती मुंबईची पण तसंच बोलून राहिली होती, तू चूक, तू चूक. एकटी गेली तर कोणी पण हिला सांगेल तू चूक आहेस, आणि ही घरी येऊन तेच धरून बसेल. म्हणून मी सोबत येते. दुसरं मला काय येते?"

"मग मला हे कधीच का सांगितलं नाहीस?" मी ओरडले. "दोन वर्षं, आई! दोन वर्षं तू गप्प!"

"काय सांगू?" आईही तडकली. "मला त्यातलं काही समजत होतं काय? आणि विचारू कोणाला? मंडळात विचारू? तुझ्या मावशीला विचारू, म्हणजे नागपूरभर? तू निदान बोलायला माणूस शोधून राहिली. मी कोणाला सांगू?"

दोन वर्षं मी तिच्या गप्प बसण्याचा राग राग केला होता. बोलायला तिलाही कुणी नव्हतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. बाबा असते तर रात्री अंधारात तरी कुजबुजली असती.

मी बाईंना विचारलं, "आज का मेरा समय इन्हें दे दूँ तो चलेगा?"

"समय आपका है," बाई म्हणाल्या. मग आईला, "आप बैठेंगी?"

आई म्हणाली, "मी? मला काय झालंय?" पण उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिथेच बसून राहिली.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. ऐकू नये हे मला कळतं. पण दार प्लायवूडचं होतं आणि आईचा आवाज मंडळात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मग तिचा आवाज आला, हिंदीत, एकेक शब्द सुटा करत: "मेरी बेटी को... लड़कियाँ पसंद हैं."

बाई काहीतरी हळू बोलल्या. आईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी न अडखळता. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग मराठीत, चांगलं मोठ्यांदा:

"हो बाई, मुली आवडतात तिला. चांगली आहे हो माझी पोर."